छाप्यानंतरचे एकवीस दिवस : देहविक्रय करणाऱ्या महिलांना ठाणे-नवी मुंबईत कायदेशीर मदत कशी करावी

रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास फोन येतो. पलीकडे एड्स नियंत्रणाच्या टीआय प्रकल्पातली (धोक्याच्या गटांपर्यंत थेट पोहोचणाऱ्या प्रकल्पातली) एखादी पिअर, म्हणजे त्याच व्यवसायातली कार्यकर्ती, असते किंवा शेजारच्या खोलीतली मैत्रीण असते, आणि तिचे पहिले वाक्य बहुधा एकच असते : "आमच्या चौघींना नेलं." या कामात नव्याने येणाऱ्या वकिलाने, विधी स्वयंसेवकाने किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशीच थोडे थांबावे, कारण कायद्याला 'नेणे' हा प्रकार ठाऊक नाही. कायद्याला अटक ठाऊक आहे, सुटका ठाऊक आहे, जबाबासाठी बोलावणे ठाऊक आहे. चौघींना एकाच गाडीत बसवलेले असले, तरी पोलीस ठाण्यात पोहोचल्यावर कोणाचे नाव आरोपीच्या रकान्यात पडते आणि कोणाचे पीडितेच्या, यावर पुढचे सगळे ठरते : वकील कोणता मिळेल, जामीन लागेल की नाही, घरी जायचे की संरक्षणगृहात, आणि किती दिवसांसाठी. मी ठाण्यात विधी सेवेच्या पॅनेलवर काही वर्षे काम केले आहे. नव्याने येणारे बहुधा मी केलेल्याच चुका करतात, म्हणून त्या चुकांच्या क्रमानेच पुढे लिहिते.

कायद्यात काय आहे आणि काय नाही

लोकांच्या तोंडी ज्याला 'पिटा' म्हणतात तो कायदा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. तो वाचताना त्यात काय नाही याकडे आधी लक्ष द्यावे. सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवण्याचा (कलम ३), दुसऱ्याच्या अशा कमाईवर जाणूनबुजून जगण्याचा (कलम ४), एखादीला या व्यवसायात आणण्याचा (कलम ५), तिला डांबून ठेवण्याचा (कलम ६), प्रार्थनास्थळ, शाळा, रुग्णालय यांपासून २०० मीटरच्या आत व्यवसाय करण्याचा (कलम ७) आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाईक खुणावण्याचा (कलम ८). आपल्या शहरांत कोणत्याही खोलीपासून २०० मीटरवर एखादे देऊळ किंवा बालवाडी सापडतेच, त्यामुळे कलम ७ लावायला पोलिसांना फार शोधाशोध करावी लागत नाही. अशा वेळी अंतर कोणी, कोठून आणि कशाने मोजले, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

कुंटणखान्याची व्याख्या कलम २ मध्ये आहे आणि ती पाठच असावी. दुसऱ्या कोणाच्या फायद्यासाठी किंवा दोन अथवा अधिक जणींच्या परस्पर फायद्यासाठी वापरली जाणारी जागा, असा तिचा आशय आहे. एकटीने स्वतःच्या भाड्याच्या खोलीत व्यवसाय करणारी बाई या व्याख्येत बसत नाही, पण सुरक्षिततेसाठी दोन मैत्रिणींनी मिळून एक खोली घेतली की ती खोली व्याख्येत बसवता येते. हा कायद्यातला मोठा पेच आहे आणि तो मिटलेला नाही. कलम ४ चा पेचही तसाच आहे. आईच्या पैशावर शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा गावाहून येऊन राहिलेली म्हातारी आई यांची नावे त्या कलमाखाली लिहिलेली मी पाहिली आहेत. १९८६ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा फक्त स्त्रियांपुरता राहिलेला नाही, त्यामुळे तृतीयपंथी आणि पुरुषांच्या प्रकरणांतही हीच कलमे येतात.

मुंबई उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२० रोजी तीन सज्ञान मुलींच्या याचिकेवर दिलेला निर्णय प्रत्येक नवोदिताने छापून फाईलमध्ये ठेवावा. वेश्याव्यवसाय हा स्वतः कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही, सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा अधिकार आहे, आणि अंतिम आदेश नसताना दंडाधिकारी तिला तीन आठवड्यांपलीकडे ताब्यात ठेवू शकत नाहीत, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. ठाणे आणि बेलापूरची न्यायालये याच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतात, तेव्हा हा निर्णय त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि तो दाखवताना संकोच करण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशाबाबत मात्र सावध राहावे. बुद्धदेव कर्मस्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या समितीने दहा शिफारशी केल्या होत्या. त्यांतल्या सहा न्यायालयाने लगेच अंमलात आणायला सांगितल्या आणि उरलेल्या चारांवर केंद्र सरकारचे आक्षेप नोंदले गेले. 'छाप्यात सज्ञान महिलेला अटक करू नये, त्रास देऊ नये' आणि 'मुलाला आईपासून तोडू नये' ही सर्वांत जास्त उद्धृत होणारी दोन वाक्ये नेमकी त्या चार शिफारशींत आहेत. भाषणांत आणि भित्तिपत्रकांत ती 'सर्वोच्च न्यायालयाचा आदेश' म्हणून सर्रास येतात. तुम्ही न्यायालयात तसे म्हणालात आणि समोरच्या सरकारी वकिलाने आदेश नीट वाचलेला असला, तर त्या दिवसापुरती तुमची बाकीची बाजूही लंगडी पडते. ज्या सहा शिफारशी निश्चित लागू आहेत त्यांवर भर द्यावा. लैंगिक अत्याचार झालेल्या महिलेला तातडीची वैद्यकीय मदत, संरक्षणगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान महिलांचे सर्वेक्षण, पोलिसांचे वर्तन, ओळख उघड न करण्याविषयी माध्यमांसाठी सूचना, निरोध बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा न मानणे, आणि विधी सेवा प्राधिकरणांनी हक्कांची माहिती देणे, असा त्यांचा आशय आहे. पंचनाम्यात जप्त मालाच्या यादीत 'निरोधची पाकिटे' दिसली की यांतला निरोधाचा मुद्दा लगेच लेखी मांडता येतो.

आपण कोणाचे वकील

घटनास्थळी जाण्याच्या आधी सोडवायचा प्रश्न हाच आहे, आणि तो पैशाशी जोडलेला आहे. छाप्यानंतर पहिला वकील बहुतेक वेळा घरवाली (कुंटणखाना चालवणारी मालकीण) किंवा दलाल पाठवतो. तोच वकील घरवालीचा जामीन मागतो आणि तोच मुलींच्या 'सुटके'चा अर्जही करतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात असे स्पष्ट सांगितले आहे की, दलालाच्या किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याच्या वतीने उभ्या राहणाऱ्या वकिलाला त्याच प्रकरणात सुटका केलेल्या व्यक्तींचे वकीलपत्र घेता येत नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. मालकीण स्वभावाने कितीही चांगली असली, आणि काही खरोखर असतात, तरी तिचे पैसे आणि तिच्याकडे राहणाऱ्या महिलेचे वकीलपत्र एकाच हातात येता कामा नये.

त्यामुळे वकीलपत्र शक्यतो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत घ्यावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मानवी व्यापाराला बळी पडलेल्या व्यक्ती आणि संरक्षणगृहात ठेवलेल्या व्यक्ती यांचा उल्लेखही त्याच कलमात आहे. साध्या कागदावरचा, तिच्या सहीचा किंवा अंगठ्याचा अर्ज पुरतो, आणि १५१०० या क्रमांकावरही मदत मागता येते. एक व्यावहारिक भेद लक्षात ठेवावा : तिचे नाव आरोपीच्या रकान्यात असेल तर लोक अभिरक्षक कार्यालयातील (आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या विधी सेवेच्या कार्यालयातील) वकील उभे राहतात, आणि ती पीडित म्हणून नोंदली गेली असेल तर पॅनेलवरील वकील नेमला जातो. अर्जात रकाना चुकीचा लिहिला, की कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि त्यात दोन दिवस जातात.

हद्द ओळखा

नवोदितांचा सर्वाधिक वेळ हद्द शोधण्यात वाया जातो. ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा येतो. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असले तरी २०२० पासून तेथे वेगळे आयुक्तालय आहे. शहापूर-मुरबाडकडे ठाणे ग्रामीण पोलीस आहेत. नवी मुंबईची गंमत अशी की आयुक्तालय एक आणि जिल्हे दोन आहेत. ऐरोली, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात असून त्यांचे काम सीबीडी बेलापूरच्या न्यायालयात चालते. खारघर, कळंबोली, पनवेल, उरण येथेही पोलीस नवी मुंबईचेच असतात, पण जिल्हा रायगड लागतो, म्हणजे विधी सेवेचा अर्ज ठाण्याला करून चालत नाही, त्याची वाट पनवेल-अलिबागची असते. कळंबोलीच्या एखाद्या लॉजवरील कारवाईचा अर्ज घेऊन ठाण्याच्या न्यायालयात धावत आलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्यात एक आख्खा दिवस गेला, आणि छाप्यानंतरचा पहिला दिवस पुन्हा मिळत नाही.

वस्तीही एकसारखी नाही. भिवंडीत हनुमान टेकडीसारखी जुनी, सर्वांना ठाऊक असलेली वस्ती आहे. तेथे पिअर असतात, शेजार असतो, आणि बातमी अर्ध्या तासात पोहोचते. नवी मुंबईत काम बरेचसे सदनिका, लॉज आणि मसाज पार्लर यांत विखुरलेले आहे. तेथून उचललेल्या मुलीला त्या शहरात ओळखणारे एकही माणूस नसते, आणि तिचा फोन जप्त झालेला असल्यामुळे ती कोणाला कळवूही शकत नाही. अशा ठिकाणचा फोन तुम्हाला येणारच नाही, तो प्राधिकरणाकडून किंवा संरक्षणगृहाकडून उशिरा कळतो, हे गृहीत धरून काम आखावे.

पहिली रात्र

फोनवर पाच गोष्टी विचाराव्यात आणि तेव्हाच लिहून घ्याव्यात : किती वाजता नेले, कोठून नेले, गाडी कोणत्या पोलीस ठाण्याची होती की गुन्हे शाखेच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाची, महिला पोलीस होत्या का, आणि कोणी अठरा वर्षांखालील आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'माहीत नाही' असेल तर वाट बदलते. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत मर्जीचा प्रश्नच उद्भवत नाही. पोक्सो कायदा लागतो आणि तिला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. तिला सज्ञान दाखवून घरी पाठवण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्या माणसाची नोंद ठेवावी.

पोलीस ठाण्यात गेल्यावर आवाज चढवून काही मिळत नाही. ओळखपत्र दाखवावे, ठाणे अंमलदाराकडे स्टेशन डायरीतील नोंदीची वेळ विचारावी, आणि महिलेला भेटू देण्याची लेखी मागणी करावी. तिला अटक दाखवली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ नुसार चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा, कलम ४७ नुसार अटकेची कारणे जाणून घेण्याचा आणि कलम ४८ नुसार नातेवाईक किंवा मित्राला कळवले जाण्याचा तिला अधिकार आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची, तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तिला पीडित म्हणून आणले असेल तर अर्थातच ती कोठडीत असता कामा नये.

छाप्याचा कागद पाहायला मिळाला तर पिटाच्या कलम १३ आणि १५ शी तो ताडून पाहावा. कारवाई करणारा विशेष पोलीस अधिकारी निरीक्षक दर्जाच्या खालचा नसावा. वॉरंटशिवाय झडती घेतली असेल तर तशी कारणे आधी नोंदलेली असावीत. किमान दोन पंच हवेत आणि त्यांत एक स्त्री हवी. सोबत किमान दोन महिला पोलीस हव्यात. चौकशी महिला पोलिसानेच करायची असते, आणि महिला पोलीस उपलब्ध नसेल तर मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेची स्त्री सदस्य हजर असावी लागते. यांतली एखादी त्रुटी सापडली म्हणून त्या रात्री कोणी सुटत नाही, हेही सांगून ठेवते. ती टिपून ठेवायची आणि योग्य वेळी मांडायची असते.

जबाबाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. एका प्रकरणात मी चार महिलांचे जबाब एकापुढे एक ठेवून वाचले. चारही जबाबांत 'आर्थिक परिस्थिती हालाखीची असल्याने' असेच सुरू होणारे एकच परिच्छेद होते, 'फुस लाऊन' हे चारही ठिकाणी त्याच चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह होते, आणि चौघींपैकी एकीला बंगालीखेरीज दुसरी भाषा समजत नव्हती. तिच्या जबाबाखाली 'वाचून दाखविला, बरोबर आहे' असे टंकलेले होते आणि त्याखाली निळा अंगठा. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत दोनच गोष्टी विचारते : "ताई, तुम्ही कोणत्या भाषेत बोललात?" आणि "कागद कोणी वाचून दाखवला?" तिच्याशी बोलताना 'ताई' म्हणावे, कागदातील 'पीडिता' हा शब्द तोंडी आणू नये. आणि प्रकरणाबद्दल काहीही सांगण्यापूर्वी तिला काय हवे आहे ते विचारावे. तिला घरी जायचे असेल, त्याच खोलीवर परत जायचे असेल, किंवा आता हे सोडायचे असेल. तिसरे उत्तर ऐकायला आपल्याला बरे वाटते, म्हणून ते तिच्या तोंडी घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. तसेच जी खरोखर फसवून आणलेली आहे, जिचे पैसे दुसराच घेतो, जिला बाहेर पडू दिले जात नव्हते, तिला 'मर्जीने करते' असे म्हणायला शिकवणारा वकील हा दलालाचेच काम करत असतो. तिच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचे मानवी व्यापाराचे कलम १४३ लागले आहे की नाही हे पाहणे तुमचे काम आहे.

वैद्यकीय तपासणी वय, इजा आणि गुप्तरोग यांसाठी करता येते. एचआयव्हीची तपासणी मात्र २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तिच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि तो अहवाल न्यायालयीन कागदांत उघडपणे जोडला जाणार नाही याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावे लागते.

दंडाधिकाऱ्यांसमोर

पीडित म्हणून नोंदलेल्या महिलेला ताबडतोब दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. योग्य दंडाधिकारी उपलब्ध नसल्याने जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे नेले, तर ती तात्पुरती कस्टडी दहा दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. योग्य दंडाधिकाऱ्यांपुढे आल्यावर पिटाच्या कलम १७ खाली चौकशी सुरू होते. वय, पूर्वायुष्य, आईवडील किंवा नवरा यांच्याकडे पाठवणे योग्य आहे की नाही, याचा अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याकडून (प्रोबेशन ऑफिसरकडून) मागवला जातो, आणि या चौकशीसाठी तिला ताब्यात ठेवण्याची कमाल मुदत तीन आठवडे आहे. शीर्षकातले एकवीस दिवस ते हेच. ठाणे जिल्ह्यातील महिलांना उल्हासनगर, देवनार किंवा बोईसर अशा ठिकाणच्या गृहांत पाठवले जाते, त्यामुळे भेटीचा एक दिवस प्रवासातच जातो हे धरून चालावे.

या तीन आठवड्यांत काय घडते, तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. परिविक्षा अधिकाऱ्याचे पत्र पश्चिम बंगालमधील किंवा कर्नाटकातील एखाद्या गावी जाते आणि उत्तर येत नाही. घरच्यांना व्यवसायाची माहिती नसते, म्हणून महिलेने खोटा पत्ता दिलेला असतो. दंडाधिकारी पुढची तारीख देतात. येथेच तुमचा उपयोग आहे. पहिल्याच आठवड्यात तिची स्वतःची, तिच्या भाषेत घेतलेली आणि मराठीत अनुवादित केलेली अर्जवजा निवेदनात्मक मागणी दाखल करावी. तिचे वय दाखवणारा शाळेचा किंवा जन्माचा दाखला जोडावा, तो नसेल तर जे सापडेल ते ओळखपत्र जोडावे, आणि ती कोठे व कोणासोबत राहणार आहे ते स्पष्ट लिहावे. घरी कळवण्याने तिला मारहाणीचा किंवा बहिष्काराचा धोका असेल, तर गृहभेट करू नये अशी विनंती त्याच अर्जात करावी, कारण एकदा गावचा पोलीसपाटील तिच्या दारात जाऊन आला की ते परत घेता येत नाही. सज्ञान बाईच्या चौकशीत 'पालकांच्या ताब्यात देणे' हा शब्दप्रयोगच मला खटकतो, पण अर्जाचे नमुने अजून तसेच चालत आले आहेत.

एकविसाव्या दिवशी आदेश झालेला नसेल, तर बाविसाव्या दिवशी २०२० चा निर्णय जोडून सुटकेचा अर्ज द्यावा. कलम १७(४) खाली आदेश झालाच, तर तो एक ते तीन वर्षांच्या संरक्षणगृहवासाचा असू शकतो, आणि त्याविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते. आदेशापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी पाच प्रतिष्ठित व्यक्तींच्या मंडळाची मदत घ्यावी आणि त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात असे मंडळ नेमले गेले होते का, हे अपिलात विचारण्याजोगे आहे. महिला बांगलादेशची किंवा नेपाळची असेल तर प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. व्यापाराला बळी पडलेल्या परदेशी महिलेवर तेव्हाच्या परकीय नागरिक कायद्याखाली खटला भरू नये, अशा आशयाच्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१२ च्या सूचना आहेत. अशा प्रकरणात एकट्याने हात घालू नये, अनुभवी सहकारी सोबत घ्यावा.

"कबूल म्हण आणि दंड भर"

पिटाच्या कलम ८ ची, म्हणजे गिऱ्हाईक खुणावल्याची, प्रकरणे लहान दिसतात म्हणून त्यांकडे कोणी पाहत नाही. एका न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी सहाजणी बाकावर बसलेल्या होत्या आणि त्यांच्यासोबतचा माणूस प्रत्येकीला समजावत होता : "साहेब विचारतील, कबूल म्हणायचं, पाचशे भरायचे, जेवायला घरी." सहाही जणी दुपारी घरी गेल्या. पण त्या कबुलीने त्यांच्या नावावर दोषसिद्धी लागली, आणि कलम ८ मध्ये पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड असला तरी दुसऱ्या वेळी कैद एक वर्षापर्यंत जाते. कबुली देण्यापूर्वी तिला हे सांगणे एवढेच कधीकधी आपले काम असते. दिवसाची कमाई बुडवून तारखांना येत राहणे तिला परवडणार आहे का, हा हिशेब तिचा आहे, आणि तो करून तिने कबुली दिली तर तिला दोष देऊ नये. काही ठिकाणी पिटाऐवजी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ११० म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन लावले जाते. त्यातही कोणते वर्तन, हे कागदावर असावे लागते. रस्त्यावर उभे राहणे हे असभ्य वर्तन नव्हे.

ती फिर्यादी असते तेव्हा

१९६५ मध्ये भिवंडीत एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका बाईच्या खोलीवर गेला. तिने आरडाओरड केली. खात्याने त्याला काढून टाकले, आणि तिच्या चारित्र्यावर बोट ठेवत तो लढत राहिला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९१ च्या निकालसंग्रहांत छापले गेले. स्त्रीचे चारित्र्य कसेही असले तरी तिला खासगीपणाचा अधिकार आहे, कोणालाही वाटेल तेव्हा तिच्याकडे जाता येत नाही, आणि केवळ चारित्र्यावरून तिची साक्ष फेकून देता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. आपल्याच जिल्ह्यातील हा निकाल आपल्या वकिलांनाही फारसा ठाऊक नसतो.

बलात्कार, मारहाण, पैसे न देता पळणे, चाकूचा धाक यांच्या तक्रारी घेऊन ती आली, की पोलीस ठाण्यात बहुधा ऐकावे लागते, "तुझा धंदाच तो." अशा वेळी एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) समाधान मानू नये. गुन्हा दखलपात्र असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा प्रश्न न काढता प्रथम खबर नोंदवावी लागते. लैंगिक गुन्ह्यात ती महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते आणि खबरीची प्रत विनामूल्य मिळते. नकार मिळाला तर पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने, आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जावे. बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर न नोंदवणे हा न्याय संहितेच्या कलम १९९ खाली अधिकाऱ्याचा गुन्हा आहे, हे वाक्य अर्जात शांतपणे लिहावे, तोंडी धमकीच्या सुरात म्हणू नये. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार उपचार ताबडतोब आणि मोफत मिळाले पाहिजेत, त्यासाठी आधी पोलिसांचे पत्र आणा असे म्हणता येत नाही. नुकसानभरपाईसाठी कलम ३९६ आणि राज्याची मनोधैर्य योजना या दोन्हींचे अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात.

मुले, आधार, रेशन

आई या व्यवसायात आहे एवढ्यावरून मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले' ठरत नाही, पण छाप्याच्या रात्री खोलीत झोपलेले मूल पोलीस घेऊन जातात आणि आई एका गृहात, मूल दुसऱ्या गृहात असे होते. बाल कल्याण समितीपुढे त्याच आठवड्यात जावे आणि शाळेची हजेरी, लसीकरणाचे कार्ड, मावशी किंवा शेजारणीचे निवेदन असे पुरावे न्यावेत. बापाचे नाव नाही म्हणून जन्मदाखला अडला असेल, तर अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर तो मिळावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले आहे.

आधारसाठी पत्त्याचा पुरावा नसला तरी चालते. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचे किंवा नॅकोतील (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेतील) राजपत्रित अधिकाऱ्याचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र पुरते, आणि कार्डावर तिचा व्यवसाय कळेल असा कोणताही सांकेतिक क्रमांक असू नये, असे २०२२ च्या आदेशात आहे. ठाण्यात याची वाट टीआय प्रकल्प आणि डापकू (जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण कक्ष) यांच्यामार्फत जाते. टाळेबंदीत सर्वोच्च न्यायालयाने ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायला लावले होते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र देण्याचे निर्देश दिले. रेशनच्या कार्यालयात हे आदेश मोबाईलवर दाखवण्यापेक्षा छापून, तारीख अधोरेखित करून अर्जाला जोडावेत.

फाईल, फोटो आणि फोन

फाईलच्या कव्हरवर तिचे नाव लिहू नये, प्रकरणाचा क्रमांक लिहावा. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि तो नियम आपल्या संस्थेच्या अहवालातील छायाचित्रांनाही लागू होतो. चेहऱ्यावर पट्टी मारून भागत नाही, कारण वस्ती तिला साडीवरून आणि दारावरच्या तोरणावरून ओळखते.

सुटकेचा आदेश हातात पडला की नवोदितांना काम संपल्यासारखे वाटते. तिला तसे वाटत नाही. गृहाच्या फाटकाबाहेर आल्यावर तिने मला विचारलेला पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : "माझा फोन?" फोन आणि पर्समधली रोकड मुद्देमालात जप्त असते, आणि ती आरोपी नसली तरी ते आपोआप परत मिळत नाही. मुलीच्या वसतिगृहाच्या बाईंचा नंबर त्या फोनमध्ये असतो, भिशीचा हिशेब असतो, गावी पैसे पाठवल्याचे संदेश असतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज सुटकेच्या अर्जासोबतच तयार ठेवावा, त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक आणि पंचनाम्यातील अनुक्रमांक लिहावा, आणि आदेश झाल्यावर सुपुर्दनाम्यावर तिची सही घेऊन, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनाकडे तिच्यासोबत स्वतः जावे. फोन चार्ज केलेला नसतो. एक चार्जर जवळ ठेवावा.